प्राध्यापकाला आधी त्याच्या वर्गातला प्रश्न सापडू द्या

कोल्हापुरातल्या एका अनुदानित महाविद्यालयातल्या प्राध्यापकांकडे नुकतीच अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाची जबाबदारी आली आहे. त्यांनी विचारलं आहे : "आमच्याकडे साठेक प्राध्यापक आहेत. त्यांनी आपल्या शिकवण्यावर स्वतःच संशोधन करावं आणि त्यातून शिकवणं सुधारावं, अशी मनापासून इच्छा आहे. दोन कार्यशाळा घेतल्या. हजेरी चांगली होती, पण पुढे काहीच हललं नाही. काय चुकतंय?"

सर, इच्छेत काही चूक नाही. सुरुवात मात्र शेवटाकडून झाली आहे. मीही तशीच केली होती. पदार्थविज्ञान शिकवत असतानाच गेली चौदा वर्षं मी कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या महाविद्यालयांत प्राध्यापकांबरोबर हे काम करते आहे. पहिल्या वर्षी एका ठिकाणी दिवसभराची कार्यशाळा घेतली. सकाळी संशोधन पद्धती, जेवणानंतर नमुना निवड आणि टी-टेस्ट, म्हणजे दोन सरासरींतला फरक निव्वळ योगायोगाचा आहे का ते तपासायची संख्याशास्त्रीय चाचणी. लोकांनी टिपणं काढली, प्रमाणपत्रं घेतली, मनापासून आभारही मानले. सहा महिन्यांनी चौकशी केली तर एकाही वर्गात काही बदललेलं नव्हतं. बदलणार तरी कसं? ज्यांच्या मनात प्रश्नच उभा राहिला नव्हता, त्यांना मी उत्तर काढायची रीत शिकवत बसले होते.

तेव्हापासून मी कार्यशाळेने सुरुवात करत नाही. एकेका प्राध्यापकाबरोबर अर्धा तास बसते आणि एकच विचारते : "तुमच्या विषयात असं काय आहे, जे तुम्ही दरवर्षी जीव तोडून शिकवता आणि मुलं दरवर्षी तिथेच अडखळतात?" पहिली उत्तरं ठरलेली असतात. मुलं वाचत नाहीत, बेसिक कच्चं आहे, मोबाइल सुटत नाही. ती शांतपणे ऐकून घ्यायची, खोडून काढायची नाहीत आणि पुन्हा विचारायचं : कुठल्या घटकात? कुठल्या उदाहरणात? गेल्या वेळच्या पेपरात नेमकं काय लिहिलं होतं? असं विचारत विचारत एका संकल्पनेपाशी, जमलं तर एका वाक्यापाशी पोचायचं. हा अर्धा तास म्हणजे या कामाचा पाया आहे. तो घाईत उरकला तर पुढचं सगळं कागदावरच राहतं.

एक उदाहरण जरा सावकाश सांगते. अर्थशास्त्राच्या एका सरांची बी. ए. भाग १ च्या वर्गाबद्दल तक्रार होती. मागणीतील विचलन आणि मागणीतील बदल यांत मुलं हमखास गोंधळतात. ज्यांचा हा विषय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचं तर, कुठल्या भावाला किती माल घेतला जाईल हे दाखवणारी रेषा म्हणजे मागणी वक्र. वस्तूची किंमत बदलली की आपण त्याच वक्रावर वर-खाली सरकतो, तो विस्तार किंवा संकोच. किंमत तीच राहून उत्पन्न, आवड, पर्यायी वस्तूचा भाव असं दुसरं काही बदललं, तर अख्खा वक्रच उजवीकडे किंवा डावीकडे सरकतो, ती वृद्धी किंवा ऱ्हास. सर फळ्यावर दोन्ही आकृत्या शेजारी शेजारी काढत, व्याख्या लिहून देत. "समजलं का?" म्हटलं की "होय सर" येई. परीक्षेतही व्याख्या अचूक येत, कारण त्या पाठ असत. गोंधळ दिसायचा तो फक्त उदाहरण दिल्यावर.

मी त्यांना एवढंच सुचवलं की तासाच्या शेवटची पाच मिनिटं ठेवा आणि वहीचं अर्धं पान फाडून घ्यायला सांगा. नाव लिहायचं नाही. प्रश्न असा : शाहू मार्केट यार्डात गुळाचा भाव उतरला. आता काय होईल? आकृती काढा आणि असं का, ते दोन ओळींत लिहा.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूमच्या टेबलावर आम्ही दोघांनी त्या चिठ्ठ्यांचे ढीग लावले. बरोबर उत्तरांचा ढीग सगळ्यांत लहान होता. सगळ्यांत मोठा ढीग होता वक्र उजवीकडे सरकवणाऱ्यांचा. सरांचा चेहरा पडला. पण ढीग लावून थांबायचं नसतं, मुलांनी लिहिलेलं कारणही वाचायचं असतं. एका चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहिलं होतं, "भाव उतरला की मागणी वाढते. मागणी वाढली की वक्र उजवीकडं जातो. म्हणून उजवीकडं." सरांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि म्हणाले, "मॅडम, ही दोन्ही वाक्यं माझीच आहेत हो."

खरंच त्यांचीच होती. मागणीचा नियम शिकवताना ते म्हणत, किंमत कमी झाली की मागणी वाढते. पुढच्या आठवड्यात म्हणत, मागणी वाढली की वक्र उजवीकडे सरकतो. बाजारातही आपण दोन्ही गोष्टींना "मागणी वाढली" असंच म्हणतो. त्या मुलाने दोन खरी वाक्यं जोडून चुकीचं उत्तर काढलं होतं आणि त्याचा तर्क शंभर टक्के शाबूत होता. वर्षानुवर्षं ज्याला मुलांचं दुर्लक्ष म्हटलं जात होतं, ते एका क्रियापदात दडून बसलेलं होतं.

त्यानंतर सरांनी फार काही केलं नाही. नियम सांगताना "भाव उतरला की लोक जास्त गूळ उचलतात" असं म्हणायला लागले. "मागणी वाढली" हे शब्द त्यांनी त्याच भावाला जास्त माल जाण्यासाठी राखून ठेवले, म्हणजे संक्रांतीच्या तोंडावर जातो तसा. प्रत्येक उदाहरणाआधी शेजारच्या दोघांनी एकमेकांना विचारायचं : भाव हलला, की दुसरं काही हललं? दोन आठवड्यांनी नवी चिठ्ठी दिली. या वेळी उदाहरण कोल्हापुरी चपलेचं होतं. मोठा ढीग बराच उतरला. दीड महिन्याने, न सांगता, तिसरी चिठ्ठी दिली, तेव्हा काही मुलं जुन्याच उत्तरावर परत गेलेली दिसली. सर नाराज झाले, मला मात्र आनंद झाला. तिसरी चिठ्ठी दिलीच नसती तर आम्ही दोघंही यश मिळालं म्हणून मोकळे झालो असतो. मुलं परत का जातात, हा त्यांचा पुढच्या वर्षाचा प्रश्न झाला आणि तो त्यांना मी दिलेला नव्हता.

याला संशोधन म्हणायचं का, असं तुमच्याकडेही कोणीतरी विचारेल. "हे बी.एड.वाल्यांचं कृतिसंशोधन, आमचं काय त्यात?" हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकलं आहे. त्यांना सांगा की कृतिसंशोधनाची, म्हणजे आपल्याच कामातला प्रश्न काम करता करता तपासण्याची, कल्पना कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये मांडली ती समाजातले प्रत्यक्ष प्रश्न सोडवण्यासाठी, आणि ती कुठल्याही पदवीची मक्तेदारी नाही. उच्च शिक्षणात १९९० साली अमेरिकेतल्या कार्नेगी फाउंडेशन या शिक्षणसंस्थेच्या अर्नेस्ट बॉयर यांनी स्पष्टपणे मांडलं, की नवं ज्ञान शोधणं, ज्ञानशाखा जोडणं, ज्ञान वापरात आणणं आणि अध्यापन ही चारही विद्वत्तेचीच रूपं आहेत. पुढे शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी त्यात एक अट स्पष्ट केली. वर्गात केलेलं काम दाराबाहेर आलं पाहिजे, इतरांना तपासता आलं पाहिजे, त्यावर पुढे काही उभारता आलं पाहिजे. आमच्या सरांकडे प्रश्न होता, पुरावा होता, आणि शुलमन यांची अट ते पुढे विभागाच्या बैठकीत चिठ्ठ्या मांडून पुरी करणार होते.

दुसरी शंका उलट बाजूने येते : जगभर सिद्ध झालेलं आहे, मग आम्ही पुन्हा कशाला? सिद्ध झालेलं आहे, हे खरं. २०१४ मध्ये स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या शिक्षणावरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापास होण्याचं प्रमाण ३३.८ टक्के होतं, विद्यार्थ्यांना काही करायला लावणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के. पण तुमची मुलं कुठल्या वाक्यापाशी अडतात, हे त्या २२५ अभ्यासांत कुठेही सापडणार नाही. त्यासाठी तुमच्याच वर्गातली चिठ्ठी लागते.

माझ्या विषयात हे फार लख्ख दिसतं. उसाने भरलेली ट्रॉली आणि मोपेड समोरासमोर धडकली, तर कोणी कोणावर जास्त बल लावलं? न्यूटनचा तिसरा नियम पाठ असलेली मुलं बेधडक सांगतात, ट्रॉलीने. त्या नियमाप्रमाणे मात्र दोघांनी एकमेकांवर सारखंच बल लावलेलं असतं. डेव्हिड हेस्टेनस आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये अशाच साध्या शब्दांतल्या प्रश्नांची बल-संकल्पना चाचणी तयार केली. हार्वर्डचे एरिक मेझर यांनी आपल्या वर्गाला या धर्तीची चाचणी दिली, तेव्हा एका विद्यार्थिनीने त्यांना विचारलं की उत्तरं तुम्ही शिकवल्याप्रमाणे लिहू, की मी एरवी विचार करते तशी? हा प्रसंग मी प्रत्येक गटात सांगते, कारण हार्वर्डमध्येही हेच होतं हे कळलं की आपल्या लोकांच्या मनावरचं ओझं उतरतं.

आकडे कसे वाचायचे, याबद्दल एक उपयोगाची गोष्ट. आधी ४० टक्के आणि नंतर ७० टक्के मिळवणारा वर्ग, आणि आधी ८० व नंतर ९० मिळवणारा वर्ग, यांत कोणाचं जास्त शिकून झालं? नुसती वजाबाकी केली तर पहिला पुढे. रिचर्ड हेक यांनी वापरलेलं सूत्र असं आहे : नंतरचे गुण वजा आधीचे गुण, भागिले शंभर वजा आधीचे गुण. म्हणजे जेवढं शिकायचं शिल्लक होतं, त्यातलं किती शिकून झालं. दोन्ही वर्गांचं उत्तर ०.५ येतं. हेक यांनी १९९८ मध्ये ६२ अभ्यासक्रमांतल्या साडेसहा हजार विद्यार्थ्यांचे निकाल असे मोजले. पारंपरिक वर्गांची सरासरी ०.२३ आली आणि विद्यार्थ्यांना सहभागी करून घेणाऱ्या वर्गांची ०.४८. हे गणित मराठीच्या किंवा इतिहासाच्या प्राध्यापकालाही पाच मिनिटांत जमतं. सुरुवातीला एवढंच पुरे. टी-टेस्ट नंतर, ज्याला गरज पडेल त्याला.

"अ" तुकडी प्रायोगिक आणि "ब" तुकडी नियंत्रित, म्हणजे एकीला नवी पद्धत आणि दुसरीला जुनीच, हा आराखडा मात्र लोक सवयीने उचलतात. मी सहसा नको म्हणते. एक तुकडी सकाळी साडेसातची, तिच्यात राधानगरी-भुदरगडकडून पहिल्या एस.टी.ने आलेली, काही तर धार काढून आलेली मुलं, दुसरी दुपारची. मुलं वेगळी, वेळ वेगळी, कधी शिकवणाराही वेगळा. अशा तुलनेतून आलेला फरक कशाचा, हे कोणीच सांगू शकत नाही. त्यापेक्षा एकाच वर्गात नीट निवडलेला प्रश्न आधी, नंतर आणि बऱ्याच दिवसांनी, दर वेळी वेगळ्या उदाहरणाने विचारा. त्याचा दावा लहान असतो, पण तो टिकतो.

आता सगळ्यांत नाजूक मुद्दा, आणि इथे तुमच्या पदाचा थेट संबंध आहे. एका महाविद्यालयात आमचं काम छान रुजलं होतं. सहा-सात जण दर पंधरवड्याला बसत, आपापल्या फसलेल्या तासांबद्दल मोकळेपणाने बोलत. मग वरून मागणी आली की या चिठ्ठ्यांचे निकाल प्राध्यापकांच्या वार्षिक मूल्यमापनाला जोडा, चांगला पुरावा होईल. हेतू वाईट नव्हता. पण पुढच्या बैठकीला सगळ्यांचे वर्ग अचानक उत्तम चालायला लागले. कोणाचीच मुलं कुठे अडखळेनात. तीन महिन्यांत गट बंद पडला, आणि आजही त्याची रुखरुख लागते, कारण त्याच वेळी मी ठामपणे नाही म्हणायला हवं होतं.

म्हणून आता पहिली अट तीच घालते : मदत आणि तपासणी एका माणसाकडे, एका फायलीत, एका टेबलावर नको. तुमच्या कक्षाला नॅकसाठी, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेसाठी, नोंद लागणार, मला कळतं. नोंद एवढीच ठेवा की अमुक इतक्या जणांनी अमुक विषयावर काम केलं. कोणाच्या वर्गात काय निघालं, ते त्या प्राध्यापकाच्या मालकीचं. शक्य असेल तर गट चालवायला तुमच्याऐवजी असा सहकारी निवडा, ज्याच्या हातात कोणाचा अहवाल नाही. आणि प्राचार्यांकडून हे तोंडी घेऊ नका, लेखी घ्या.

विद्यार्थी-अभिप्रायाच्या फॉर्मबद्दलही सावध राहा. मुलांना आवडणं आणि मुलांनी शिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हार्वर्डमध्येच पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांवर झालेला २०१९ चा एक अभ्यास आहे. सक्रिय वर्गातल्या विद्यार्थ्यांना आपण कमी शिकलो असं वाटलं, चाचणीत मात्र ते जास्त शिकलेले निघाले. डोक्याला ताण पडला की शिकणं अवघड वाटतं, हे साहजिक आहे. नवी पद्धत सुरू करणाऱ्या प्राध्यापकाला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच सत्राच्या अभिप्रायाने तो खचून जुन्या वाटेला लागेल.

फॉर्मपेक्षा मला सत्राच्या मध्यावरचं बोलणं फार मोलाचं वाटतं. प्राध्यापकाच्या विनंतीवरून मी तासाची शेवटची वीस मिनिटं घेते, तो प्राध्यापक बाहेर जातो. मुलं चार-चारच्या गटात तीन गोष्टी लिहितात : या तासात शिकायला कशाची मदत होते, कशाची अडचण होते, काय बदलता येईल. गटांचं वाचून होतं, आणि बहुतेकांना जे पटतं तेच मी वर्गासमोर पक्कं करून प्राध्यापकाला सांगते, कोण बोललं ते नाही. पुढच्या तासाला त्याने मुलांना उत्तर द्यायचं की हे बदलतो, हे बदलता येणार नाही, कारण असं असं. ही शेवटची पायरी गाळू नका. आपलं ऐकलं गेलं हे दिसलं, की पुढच्या वेळी मुलं जास्त खरं लिहितात.

सहकाऱ्याने वर्गात येऊन बसणं हाही उत्तम मार्ग, पण काय पाहायचं ते आधी दोघांत ठरलेलं हवं. "एकूण तास कसा वाटला?" याला कोणी खरं उत्तर देत नाही. एक सोपी सुरुवात सुचवते. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं होतं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि तीन सेकंद किंवा जास्त थांबलं की उत्तरं लांबतात, एरवी गप्प असणारी मुलंही बोलतात. सहकाऱ्याने मागच्या बाकावर बसून मोबाइलच्या स्टॉपवॉचवर फक्त हे थांबणं मोजायचं. कागद त्या प्राध्यापकाच्या हातात द्यायचा, दुसऱ्या कोणाला दाखवायचा नाही. स्वतःचा आकडा पाहून दचकलेले अनेक ज्येष्ठ प्राध्यापक मला माहीत आहेत, आणि पुढच्याच तासापासून ते थांबायला लागले.

मुलांच्या बाबतीत दोन पथ्यं. पहिलं, आपल्याच विद्यार्थ्यांवर आपण काम करतो तेव्हा त्यांना नाही म्हणणं अवघड जातं, कारण अंतर्गत गुण आपल्या हातात असतात. चिठ्ठीला गुण नाहीत, नाव नाही, आणि लिहिली नाही तरी चालेल, हे स्पष्ट सांगा. मुलाचं लेखन कुठे छापायचं असेल तर सत्राचा निकाल लागल्यावर, दुसऱ्या प्राध्यापकाकरवी, लेखी संमती घ्या. दुसरं, जे कळलं ते मुलांनाही सांगा. गुळाच्या चिठ्ठ्यांचे ढीग त्या सरांनी वर्गातही दाखवले होते.

वेळेबद्दल प्रामाणिक राहायला हवं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन, वर परीक्षा, समित्या, प्रवेश. त्यात हे काम जादा म्हणून टाकलं तर ते जाणारच. निदान गटातल्या प्राध्यापकांची एक तरी समिती काढून घ्या. आणि तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्यांचा वेगळा विचार करा. त्यांना तासाचेच पैसे मिळतात, दुपारी दुसऱ्या महाविद्यालयात पोचायचं असतं, नेमणूक पुढच्या वर्षी राहील की नाही ठाऊक नसतं. अनेक ठिकाणी भाग १ चे वर्ग त्यांच्याकडेच असतात, म्हणजे खरे प्रश्नही त्यांच्याकडेच. बैठकीचं मानधन मिळवून देता आलं तर जरूर द्या. नाही जमलं, तर त्यांच्या दोन तासांमधल्या मोकळ्या वेळात तुम्हीच त्यांच्याकडे जा. त्यांनी काढलेल्या निष्कर्षावर कायम प्राध्यापकाचं नाव पुढे येणार नाही, याचीही काळजी घ्या.

लिहिण्याची घाई करू नका. पदोन्नतीसाठी शोधनिबंध हवा असतो, म्हणून लोक प्रश्न सापडण्याआधीच जर्नल शोधतात. मी म्हणते, आधी चार पानं मराठीत लिहा : काय अडलं, काय पाहिलं, काय बदललं, काय तरीही अडलं. ती विभागात वाचा, शेजारच्या महाविद्यालयाच्या त्याच विषयाच्या माणसाला द्या. त्याने आपल्या वर्गात तीच चिठ्ठी देऊन पाहिली की निबंध आपोआप भक्कम होतो. "आमच्या ग्रामीण कॉलेजात कसलं संशोधन?" असं कोणी म्हणालं, तर जे. पी. नाईक यांची आठवण द्या. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचा हा माणूस, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत राबला आणि पुढे १९६४-६६ च्या कोठारी शिक्षण आयोगाचा सदस्य-सचिव झाला.

आता तुमच्यापुरतं. साठ जणांना हाक मारू नका. ज्यांच्या वर्गात मुलं प्रश्न विचारायला थांबतात असे चार जण शोधा, वेगवेगळ्या विभागांतले, त्यात निदान एक तासिका तत्त्वावरचा. येत्या पंधरवड्यात प्रत्येकाबरोबर तो अर्धा तास बसा. मग चौघांनी एकेक चिठ्ठी द्यावी आणि न वाचता गठ्ठा बांधून आणावा. पहिली बैठक शनिवारी दुपारी, वर्ग सुटल्यावर, दारं लावून. प्रेझेंटेशन नको, प्रोजेक्टर नको. एक मोठं टेबल, चार गठ्ठे, आणि प्रत्येकाने दुसऱ्याचा गठ्ठा उचलून ढीग लावायला सुरुवात करायची. आपल्या विषयाबाहेरच्या माणसाला मुलाच्या चुकीतला तर्क लवकर दिसतो. त्या अर्थशास्त्राच्या सरांना मी नेमकी याच कामाला आले होते.